बावड्याच्या चाचांचा हात

असे लेख बहुधा निवृत्त माणसं लिहितात. मी एकोणतीस वर्षांची आहे, आणि निवृत्ती सोडाच, या महिन्याचे दौरेसुद्धा अजून संपलेले नाहीत. तरी संपादकांनी लिहा म्हणून सांगितलं. वर म्हणाले, "ताई, अनुभव लिहा. पत्रक लिहू नका." मला राग आला, पण त्यांचं खोटं नव्हतं. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकंच लिहीत आले. वर ठळक अक्षरात आरोप, मध्ये मागण्या, खाली "जागे व्हा!" आई म्हणते, ही पोरगी भाजीची यादीसुद्धा उद्गारचिन्ह घालून लिहिते.

काम काय ते आधी सांगते. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत आमची एक लहानशी संस्था कॅन्सरवर काम करते. एक डॉक्टरीणबाई, दोन नर्सताई, मी आणि एक जीप, जी उतारावर लावावी लागते. काम दोन तऱ्हेचं. एक, गावात जाऊन तपासणी करायची. बायकांच्या छातीत गाठ आहे का आणि पुरुषांच्या तोंडात चट्टा आहे का, ते बघायचं. दुसरं, मोठ्या दवाखान्यानं "आता घरी न्या" म्हणून धाडलेल्या माणसांच्या घरी जायचं. दुखणं कमी होईल अशा गोळ्या द्यायच्या, पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस कशी बदलायची ते घरच्यांना शिकवायचं, आणि बसायचं. ते बसणं सगळ्यात अवघड. मला एका जागी बसवत नाही.

या धंद्यातल्या युक्त्या कुठल्या पुस्तकात नाहीत. दारात उभं राहून कॅन्सर हा शब्द काढायचा नाही, शेजारीण कान देऊन असते. "बीपी बघायला आलेय" म्हणायचं. मग पाणी मागायचं. पाणी आणायला जी बाई आत जाते तिच्या मागोमाग आपणही आत जायचं, कारण खरी हकिकत ओसरीवर नाही, चुलीपाशी कळते. शेळगावचे एक तात्या तोंड उघडायलाच तयार नव्हते. म्हणाले, "म्या काय बाजारात हुबा केल्याला बैल हाय व्हय? दातं बघून इकत घेतीस?" मी म्हटलं, "तात्या, तुम्हाला फुकट दिलं तरी आमच्यात कुणी घेणार नाही." ते हसले, आणि हसायला तोंड उघडलं तेवढ्यात नर्सताईंनी बॅटरी मारली. पांढरा चट्टा होता. वेळेत सापडला. तात्या अजून मला रस्त्यात दिसले की तोंड दाबून धरतात.

पण मला सांगायचंय ते हुसेनचाचांबद्दल.

हुसेनचाचा बावड्याचे. बांगड्यांचा धंदा, बापाच्या वेळेपासूनचा. आधी सायकलवर, मग लुनावर काचेच्या बांगड्यांच्या पेट्या लादून ते वाड्यावस्त्यांवर फिरत, आणि बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीसमोरच्या लिंबाखाली सतरंजी टाकून बसत. आसपासच्या निम्म्या बायकांच्या लग्नाचा चुडा त्यांनी भरलेला. परक्या पुरुषानं हात धरलेला गावात चालत नाही, पण बांगडीवाल्याचा चालतो. बांगड्या भरून झाल्या की बाई त्याला वाकून नमस्कार करते, मग तो मणियार असो नाहीतर कासार. आणि तो एक बांगडी आपल्याकडून जास्तीची चढवतो. चाचा म्हणायचे, "बाईचं तोंड इसरंन म्या, मनगाट इसरायचो न्हाय."

मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा ते चौसष्ट वर्षांचे होते आणि मरायला टेकले होते. लघवीतून रक्त जायचं ते त्यांनी वर्षभर उन्हाळी लागली म्हणून सोडून दिलं. मग खोकला. बारामतीत तपासलं, पुण्यात तपासलं, तुकडा काढून तपासला. मूत्रपिंडाचा कॅन्सर, दोन्ही फुफ्फुसांत पसरलेला. औषधानं काही महिने वाढतील म्हणाले, त्रास होईल म्हणाले. चाचा नको म्हणाले. त्यांचं नाव माझ्या दुसऱ्या यादीत, घरी धाडलेल्यांच्या यादीत आलं.

तिसऱ्या की चौथ्या भेटीत त्यांनी मला विचारलं, "पोरी, तू खरं बोलतीस म्हनत्यात. किती दिस?"

मी खरं बोलले. म्हटलं, "चाचा, दिवाळी बघाल असं वाटत नाही."

आत भाकरी थापायचा आवाज चालला होता, तो थांबला. त्यानंतर महिनाभर चाचांच्या बायकोनं, जैतूनचाचींनी, मला चहा विचारला नाही.

मग त्यांना ताप आला. साधासुधा नव्हे, अंग भाजून काढणारा. दहा-बारा दिवस हटला नाही. मी चाचींना सांगितलं, लेकींना बोलवून घ्या. लेकी आल्या, घर माणसांनी भरलं. आणि एके दिवशी ताप उतरला. पुढच्या आठवड्यात मी गेले तर चाचा भिंतीला टेकून बसलेले. त्याच्या पुढच्या आठवड्यात अर्धी भाकरी खाल्लेली. खोकला कमी. मला वाटलं, विझायच्या आधी दिवा मोठा होतो तसं असेल. मी तसं नर्सताईंना म्हटलंसुद्धा. मरणाच्या बाबतीत माझा अंदाज चुकत नाही, असा मला गर्व होता. असला गर्व असू नये, पण होता.

दिवाळी झाली. भाऊबीजेनंतर मी बावड्याला गेले, तर चाचांनी उशाजवळचा स्टीलचा डबा पुढं केला. शेजारून आलेल्या फराळातला एक बेसनाचा लाडू त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवला होता.

"घे," म्हणाले. "दिवाळी बगितली म्या."

चाचींनी आतून चहा आणला. साखर जरा जास्तच होती.

मी त्यांना जीपमध्ये घालून बारामतीला नेलं आणि पुन्हा फोटो काढायला लावले. डॉक्टरीणबाईंनी जुनी आणि नवी फिल्म उजेडावर शेजारी शेजारी लावली. जुन्यात दोन्ही फुफ्फुसांत पांढरे गोल ठिपके, जसे चाळणीत अडकलेले साबुदाणे. नव्यात चाळण मोकळी. मूत्रपिंडावरची गाठ आक्रसून एक वण उरलेला.

"पहिला रिपोर्ट चुकला असणार," मी म्हटलं. मला कुणावर तरी चिडायचं होतं.

"मलाही तसंच वाटलं. पुण्याला फोन केला, तुकडा पुन्हा तपासून घेतला. कॅन्सरच होता."

"मग?"

"मग मला माहीत नाही," बाई म्हणाल्या.

पंचवीस वर्षं डॉक्टरकी केलेली बाई, आणि असं सरळ बोलली. मग त्यांनी चाचांना समजावलं. कधी कधी, फार क्वचित, पसरलेला कॅन्सर उपचाराशिवाय ओसरतो. अंगातली रोगाशी लढणारी ताकद कशानं तरी जागी होत असावी, तापानं होत असेल, अशा शंका आहेत, खात्री नाही. ठरवून कुणाच्या अंगात हे घडवून आणता येत नाही. परत येणार नाही असंही सांगता येत नाही. दर तीन महिन्यांनी बघत राहायचं.

चाचा दोन्ही फिल्मांकडं बघत होते. "म्हंजी तुमी काय केलं न्हाय, म्या काय केलं न्हाय, आन् त्यो गेला."

"हो."

"बरं," म्हणाले, आणि टोपी सारखी केली.

आता, "माहीत नाही" हे उत्तर माणसांना पचत नाही. रिकाम्या जागेवर पावसाळ्यात गवत उगवावं तसं या उत्तरावर काहीबाही उगवतं. बावड्यात कुणी म्हणालं, नव्या बोअरच्या पाण्यानं झालं. कुणी म्हणालं तावीजानं. चाची आजारपणात ताकातल्या ज्वारीच्या कण्या भरवायच्या, तर काही दिवस कण्यांचं नाव झालं. चाची म्हणायच्या, "कन्या खाऊन कॅन्सर जातो तर माजी सासू कशी गेली?" पण चाचा पुन्हा लिंबाखाली बसायला लागले आणि सगळं येऊन त्यांच्या हातावर ठेपलं. मरणाला शिवून माघारी आलेला हात. त्या हातानं बांगड्या भरल्या की दुखणं जातं. गुडघेदुखीच्या बायका आल्या, मग पोटदुखीच्या, मग हळूच पदराआड गाठी लपवलेल्या.

चाचा कधीही "माझ्या हातात गुण आहे" असं म्हणाले नाहीत. पण नाही असंही म्हणाले नाहीत. पुढं आलेला हात परत धाडायचा नाही, हा त्यांच्या धंद्याचा नियम. मला तो नियम मान्य नव्हता. मी पेटले. मी पत्रक काढलं.

त्या पत्रकाबद्दल मला आता लिहायला जड जातं. सगळ्यात वर, लाल, बोटभर उंचीच्या अक्षरात: "बावड्याच्या हुसेनभाईंच्या हातच्या बांगड्यांनी कॅन्सर बरा होतो". खाली, बारीक काळ्या अक्षरात: अशी अफवा पसरवली जात आहे, ती खोटी आहे, विश्वास ठेवू नका, गाठ असेल तर दवाखान्यात या. मला वाटलं, आधी लक्ष वेधायचं, मग खोडून काढायचं. आम्हाला असंच शिकवलं होतं. शिवाय अफवा कुठली ते स्पष्ट व्हावं म्हणून मी लिहिलं, "दर बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीसमोरच्या लिंबाखाली". म्हणजे पत्ताही मीच छापला. चाचांना विचारलंसुद्धा नाही.

पाचशे पत्रकं वाटली. पुढच्या बाजाराला लिंबाखाली उभं राहायला जागा नव्हती. एक म्हातारी घडी घातलेलं पत्रक हातात धरून माझ्याकडंच आली. "बाई, हितंच का गं ते?" तिनं थोरली अक्षरं वाचून घेतली होती. बारीक अक्षरं वाचायला कुणाला डोळे नसतात, आणि कुणाला जिवाची घाई असते.

आणखी एक गोष्ट लिहिते, कारण ती टाळली तर बाकीचं सगळं लिहिणं खोटं होईल. इंदापूरकडच्या एका वस्तीवरची एक बाई पुढं माझ्या दुसऱ्या यादीत आली. गाठ फुटलेली, उशीर झालेला. आधी कुठं दाखवलं विचारलं तर म्हणाली, "बावड्याला जात व्हते की." उशी सारखी करताना तिच्याखाली माझं पत्रक सापडलं. नीट चार घड्या घातलेलं. मी ते तसंच परत ठेवलं. ती जाईपर्यंत मी दर आठवड्याला तिच्याकडं जात राहिले, आणि दर वेळी ती मला म्हणायची, "तुमी किती येता ओ." तिचं नाव मी लिहिणार नाही. मला ते पाठ आहे.

त्यानंतर दोनच महिन्यांनी कळस गावच्या शिबिरात शालन भेटली.

शालन एक्केचाळीस वर्षांची. नवरा, दत्ताभाऊ, कारखान्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. डाव्या छातीत बोराएवढी गाठ, हाताखाली हलणारी. तपासणीत कॅन्सर निघाला, पण लहान, पसरलेला नाही. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "ही वाचणारी आहे. हिला सोडू नका." आमच्या कामात असं वाक्य क्वचित कानावर पडतं. मी ते उराशी धरून फिरत होते.

ऑपरेशनची तारीख मिळाली. शालन नवऱ्याबरोबर बारामतीला आली, वॉर्डात दाखल झाली. नर्सनं सांगितलं, अंगावरचं सगळं काढा. तिनं मंगळसूत्र काढून दत्ताभाऊंच्या हातात दिलं, जोडवी काढली. उजव्या हातातल्या बांगड्या निघाल्या. डाव्या हातात सात हिरव्या बांगड्या होत्या, घट्ट बसलेल्या. साबण लावून बघितला, निघेनात. नर्सही थकलेली, सकाळपासून उभी. म्हणाली, "फोडाव्या लागतील."

शालननं हात मागं घेतला. "ह्या फोडायच्या न्हाईत. चाचांनी भरल्यात. ह्या हातात हायेत तवर मला काय व्हत न्हाय."

आणि मी, जिच्यावर तिला न सोडायची जबाबदारी होती, ती मी सगळ्या वॉर्डासमोर ओरडले, "काचेच्या तुकड्यांसाठी मरायचंय का तुला? बांगड्या मोठ्या का जीव मोठा?"

तिनं माझ्या हाताकडं बघितलं. मी कॉलेजात असल्यापासून बांगडी घालत नाही, तत्त्व म्हणून.

"ताई, तुमच्या हातात कवा बांगडी व्हती का?" एवढंच म्हणाली. गाऊन बदलला, लुगडं नेसली आणि दत्ताभाऊंच्या पुढं चालत एसटी स्टँडला गेली. नवरा जिवंत असताना बाईनं बांगड्या फोडून घेणं म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्याकडं चुकून फुटली तरी बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. मला सगळं माहीत होतं. मी ते मोजण्यालायक धरलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. "याच्या पुढं नको," म्हणाल्या. "बोराचा आवळा व्हायला वेळ लागत नाही."

मी तशीच बावड्याला गेले. चाचा दारात बांगड्या निवडत बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं सुनावलं. तुमच्यामुळं एक बाई गेली, दुसरी जाणार, तुम्ही गप्प बसून मजा बघताय, एवढा मान कसा हो सोसतो तुम्हाला!

चाचांनी हातातली बांगडी फिरवून बघितली. चाची बाहेर आल्या.

"झालं तुजं? आता माजं ऐक. ह्यांचं नाव तांबड्या अक्षरात गावभर कुनी लावलं? आमी? न इचारता माज्या मालकाचा फलक केलास, आन् आता मलाच इचारतीस गर्दी का झाली म्हनून? दिवाळी बघनार न्हाईत म्हनाली व्हतीस, तवा मी तुला काय बोलले का? चहा तेवढा दिला न्हाय."

"चाची, मला माफ करा."

"माफी ठिव तितं. आधी बस. तुला बसायलाच येत न्हाय, हाच तुजा रोग हाय."

मी बसले. मग चाचा म्हणाले, "पोरगी कळसची ना? दत्तू ड्रायव्हरची? मनगाट बारीक, अंगठ्याचं हाड थोरलं. तिच्या निघायच्या न्हाईत. दुसऱ्याच्यानं न्हाय निघायच्या." हातातली बांगडी त्यांनी पेटीत ठेवली. "बुधवारी माजा फोटू हाय बारामतीला. तिला गाडीत घे. चाचानं बोलावलंय म्हनून सांग."

मी बोलावलं असतं तर शालन आली नसती. चाचांनी बोलावलं म्हटल्यावर आली. नवी साडी नेसून आली, देवदर्शनाला निघावं तशी.

दवाखान्याच्या बाकावर आम्ही तिघं ओळीनं बसलो. चाचांचा नंबर यायचा होता. थोड्या वेळानं शालनचं लक्ष त्यांच्या हातांकडं गेलं. मांडीवर ठेवलेले ते हात थरथरत होते. काचेच्या हजारो बांगड्या न तडकवता चढवणारे हात.

"चाचा, थंडी वाजती का?"

"न्हाय गं. भ्या वाटतंय."

"तुमाला? तुमी तर बरं झाला की."

"दर तीन म्हैन्याला हितं येतो, दर येळंला आसंच व्हतं. आदल्या दिशी जेवन जात न्हाय. इचार तुज्या चाचीला."

शालननं आपल्या बांगड्यांवरून बोट फिरवलं. मग हळू म्हणाली, "मग लोक म्हनत्यात त्ये?"

"ऐक पोरी." चाचा तिच्याकडं वळले. "माज्या अंगातनं त्यो गेला. का गेला, म्हाईत न्हाय. कुठल्या वाटंनं गेला, म्हाईत न्हाय. न सांगता गेला, तसा न सांगता माघारी बी यील. म्या रोज सकाळी खोकून बघतो, आला का म्हनून. आसं हाय माजं बरं हुनं. तुजा कुठं हाय त्ये डाक्टरला म्हाईत हाय. काडायचा कसा त्ये बी म्हाईत हाय. माज्या टायमाला आसं कुनी म्हनालं आसतं ना, तर म्या पळत आलो आसतो."

"पन तुमचा हात…"

"हात काच भरायचा हाय. तेवढंच येतं त्याला." थांबून ते म्हणाले, "आन् काडायला येतं. ज्यानं भरल्या त्योच उतरवंल. एक बी वाढू द्यायचो न्हाय, हा माजा शब्द."

आतून नंबर पुकारला. शालन त्यांच्याबरोबर उठली आणि दारापर्यंत गेली. फोटोत त्या दिवशीही काही दिसलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन महिन्यांनी या. चाचा म्हणाले, येतो. परतीच्या वाटेवर जीपमध्ये शालन बाहेर बघत बसली. मी मात्र जीभ दातांत धरून बसले होते. कळसच्या फाट्यावर उतरताना ती खिडकीशी आली, पण माझ्याकडं नाही, चाचांकडं बघून म्हणाली, "तारखेला सकाळी कितीला यायचं?"

ऑपरेशनच्या दिवशी चाचा पहिल्या एसटीनं आले. सोबत खोबरेल तेलाची बाटली आणि पातळ प्लास्टिकची पिशवी. शालन खाटेवर बसली होती, चाचा समोर स्टुलावर. त्यांनी तिचा डावा हात आपल्या गुडघ्यावर घेतला, तेल लावलं, पिशवी चढवली. मग अंगठ्याच्या मुळाचं हाड आतल्या बाजूला दाबत हात असा मिटवला की केळफूल वाटावं. वॉर्डातल्या बाकीच्या बायका मान उंचावून बघत होत्या. तीच नर्स हात बांधून उभी होती.

"दुकतंय का?"

"न्हाय."

"दुकलं तर श्या दे. भरताना बायका देत्यातच."

शालन हसली. पहिली बांगडी सुटली. दुसरी. पाचवीला हाडापाशी अडकली. चाचांच्या कपाळावर घाम आला, त्यांनी हात सोडला, पुन्हा तेल लावलं, पुन्हा धरला. स्ट्रेचर आणणारा मामा दारात थांबला होता. नर्स त्याला म्हणाली, "थांबा जरा." मी आठ वर्षांत दवाखान्यात कुणाला कुणासाठी असं थांबलेलं फारसं पाहिलेलं नाही.

सातही बांगड्या अख्ख्या निघाल्या. चाचांनी त्या रुमालात बांधल्या आणि दत्ताभाऊंच्या हातात दिल्या. शालन वाकून नमस्कार करायला गेली, तर त्यांनी तिला खांद्याला धरून अडवलं. "भरल्यावर कर. उतरवल्यावर न्हाय करायचा."

ती आत गेली. चाचा संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिले. मीही बसले. मला वाटतं, मी पहिल्यांदाच नीट बसले.

शालनची गाठ काढली, तपासणीसाठी काखेतल्या काही गाठीही काढल्या. पुढचं औषध चालू झालं. डॉक्टरीणबाई समाधानी होत्या. मी मात्र नव्हते. काखेतल्या गाठी काढल्यावर हाताचा व्यायाम करावा लागतो, नाहीतर खांदा धरतो, हात सुजतो. शालन डावा हात अंगाशी घट्ट धरून बसायची, पंख मोडलेल्या कोंबडीसारखी. मी दर फेरीला सांगितलं, भिंतीवर बोटं चढवा, रोज एक वीत वर. तक्ता लिहून दिला, चित्रं काढून दिली. ती म्हणायची, "व्हय ताई," आणि हात तिथंच. उघड्या मनगटाचा हात ती पदराखालून बाहेरच काढत नव्हती.

महिन्याभरानं चाचा पेटी घेऊन कळसला आले. मी तिथंच होते. ओसरीवर सतरंजी पसरली. उजव्या हातात त्यांनी नेहमीच्या मापाच्या हिरव्या बांगड्या भरल्या. मग पेटीचा खालचा कप्पा उघडत मला विचारलं, "ताई, ह्या हाताचं काय म्हनत्यात तुमचे डाक्टर? किती सैल?"

पहिल्यांदाच त्यांनी मला माझ्या धंद्यातलं काही विचारलं होतं. मी सांगितलं, घट्ट अजिबात नको, काचेनं ओरखडा नको, हात थोडा सुजला तरी रुतायला नको. त्यांनी एकीत बोट फिरवून बघितलं, ती परत ठेवली. दुसरी काढली, कडेवर नख फिरवून टोचत नाही ना बघितलं. तिच्या नेहमीच्या मापापेक्षा दोन मापं मोठी, गुळगुळीत, लाखेची. हातात दाबायची गरजच नव्हती, आपली आपण सरकली.

"ही तर गळून पडंल, चाचा."

"पडू दी. दुसरी भरू. म्या हाय की अजून."

शालननं मनगट हलवून बघितलं. बांगडी अंगठ्यापर्यंत घसरली आणि थांबली. तिला मजा वाटली. तिनं हात जरा उचलला, बांगडी मागं आली. आणखी उचलला, ती कोपराकडं सरकली. हे कुठपर्यंत जातंय ते बघायला तिनं हात हळूहळू वर, आणखी वर नेला, खांद्याच्याही वर, आणि मान मागं टाकून बांगडीकडं बघत राहिली.

माझ्या पिशवीत व्यायामाचा नवा तक्ता होता. मी तो बाहेर काढला नाही. चाचांनी माझ्याकडं बघितलं आणि पेटीतून तसलीच दुसरी बांगडी काढली.